काका, गाडी चांगल्या हातात गेली

तीर्थस्वरूप काकांना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

गाडी गेल्याला आज महिना झाला. तुमच्या तोंडावर आभाराचा शब्द काढला की "आभार कसलं मानतीस, चहा पी आधी" म्हणून तुम्ही उठून आत जाता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. काकू तुम्हाला वाचून दाखवतील, तेव्हा मध्येच उठायचं नाही.

ऑक्टोबर 2018 मध्ये मी ती एमजीबी जीटी घेतली, 1972 ची जुनी ब्रिटिश गाडी. इंग्लंडात येऊन मला तेव्हा चार वर्षं झाली होती. पार्किंगमध्ये एकदा ही गाडी पाहिली आणि तिचं मागचं छप्पर डोळ्यांतून जाईना. एमजीबीचं हे बंद छपराचं रूप 1965 साली आलं, त्याची रेघ इटलीच्या पिनिनफारिना या डिझाइन कंपनीच्या मदतीनं ठरली, हे सगळं मी रात्री जागून वाचलं होतं. वाचलं नव्हतं ते पत्र्याबद्दल. विकणारा म्हणाला, आत्ताच पूर्ण रिस्टोअर केलीय. लाल रंग आरशासारखा होता, खालून सगळं काळंभोर, नवंकोरं. एमओटी, म्हणजे तिथली गाडीची वार्षिक तपासणी, झालेली नव्हती, पण त्याच वर्षी मे महिन्यापासून चाळिशी उलटलेल्या गाड्यांना ती सक्तीची राहिली नव्हती, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. साडेसहा हजार पौंड मोजले. चार वर्षांची शिल्लक होती ती.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला मी मिरवत ती घेऊन आले. बाकीच्यांनी फोटो काढले. तुम्ही हॉलच्या स्वयंपाकघरात गेलात, फ्रिजवरचं लोहचुंबक काढलंत, रुमालात गुंडाळलंत आणि दाराखालच्या सिलवरून हळूहळू फिरवत निघालात. पुढे ते चिकटत होतं. मागच्या चाकाच्या अलीकडे वीतभर जागेत रुमाल नुसता घसरून खाली आला. पुन्हा लावलात, पुन्हा घसरला. तिथं पत्राच नव्हता, पुट्टी होती. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "कुठल्या गावची गं तू?" मी कोल्हापूर म्हटल्यावर तुम्ही पहिल्यांदा हसलात. "मग कारखान्यांचं उद्यमनगर ठावं असंल. रविवारी गाडी घिऊन ये."

त्या रविवारी तुमच्या गॅरेजात ग्राइंडर लावला आणि सिल उघडी पडली. कुजलेल्या सिलवर कुणीतरी नवा पत्रा नुसता वरून चढवला होता, फटी पुट्टीनं भरल्या होत्या आणि वर रंग मारला होता. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडी हाच सांगाडा, आणि त्यातली बरीचशी ताकद त्या दोन सिलमध्ये असते, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेरचा पत्रा, आतली उभी पट्टी आणि खालची नागमोडी कॅसल पट्टी, तिन्ही मिळून सिल होते. माझ्या गाडीत त्यातली मधली पट्टी नखानं सोलता येत होती. मी तिथंच फरशीवर बसून रडले. काकूंनी चहा आणला. तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत, फक्त कुजलेला तो तुकडा उचलून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवलात.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हिवाळा होता, काका. मला वाटलं होतं तुम्ही काम कराल आणि मी पान्हे देईन. तुम्ही पहिल्याच दिवशी वेल्डिंगचं हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवलंत. कामाचे पैसे घ्यायला तयार नव्हतात, फक्त पत्रे आणि गॅस माझ्या खर्चानं. पुढचे मडगार्ड उतरवल्याशिवाय सिल नीट बसतच नाही, कारण तिचं टोक मडगार्डच्या आत जातं. म्हणून आधी ते काढायला दोन रविवार गेले. मग गाडी स्टँडवर घेऊन पाणपातळीनं चारी बाजू सारख्या केल्या, दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकला, आणि मगच एका बाजूची सिल कापली. दुसरी बाजू तोवर शिवायची नाही. "आधी लेवल, मग आग," तुमचे उद्यमनगरातले मिस्त्री म्हणायचे ना? दर अर्ध्या तासाला तुम्ही दार लावून बघायला लावायचात. दार बंद होताना जो आवाज येतो तो बदलला की थांबायचं. डावीकडे एकदा तो खरंच बदलला. तुम्ही माझे आठ टाके पुन्हा तोडायला लावलेत. त्या दिवशी तुमचा राग आला होता. पाच वर्षांनी त्याच दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी बघून त्या गाडीचा नवा मालक म्हणाला, हे काम कुणाचं?

गालिचा काढला तेव्हा खाली मूळ रंग सापडला, निळा. गेडनच्या मोटारींच्या संग्रहालयातून हेरिटेज सर्टिफिकेट, म्हणजे गाडी कारखान्यातून कशी निघाली त्याचा दाखला, मागवलं, त्यावर टील ब्लू लिहून आलं. मला लगेच रंग बदलायचा होता. तुम्ही म्हणालात, रंग लोकांसाठी, वॅक्स गाडीसाठी. मग आधी सिलच्या पोकळीत नळीनं वॅक्स भरलं, आणि रंगाचे पैसे दीड वर्षानं जमले.

पुढची पाच वर्षं मी तिनंच कामावर गेले. सोळा मैल जायचे, सोळा यायचे, शिफ्ट असेल तेव्हा. लोक म्हणायचे, अशी गाडी रविवारी ऊन पडलं की काढायची. तुमचं म्हणणं उलटं होतं: उभी गाडी आधी कुजते, ब्रेक धरून बसतात, रबरी सील सुकतात. चालव, पण तिचं ऐक. तीन हजार मैल झाले की पुढच्या चाकांच्या किंगपिनना ग्रीस. इग्निशनच्या पॉइंटची फट 15 थाउ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये तेल. रस्त्यावर मीठ पडलं की त्याच आठवड्यात खालून पाण्यानं धुणं. सप्टेंबर 2021 मध्ये साध्या पेट्रोलचं ई10, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, झालं, तेव्हा "महाग पडलं तरी ई5च घाल" म्हणून तुम्ही खास फोन केला होता. आणि कायद्यानं गरज नसताना दर वर्षी एमओटी. "आपलं डोळं आपल्याच गाडीला माफ करत्यात," हे तुमचं वाक्य मी औषधाच्या दुकानात, माझ्या स्वतःच्या कामातही वापरते. स्वतः भरलेली चिठ्ठी दुसऱ्याकडून तपासून घेते.

एकदा जानेवारीत पहाटे पावणेसहाला ती चौकात बंद पडली. किल्ली फिरवली तर मागून येणारी ती पेट्रोल पंपाची टिकटिक नाही. तुम्हाला फोन केला, तुम्ही झोपेतून उठून एवढंच विचारलंत, "टिकटिक येत्या का?" नाही म्हटल्यावर म्हणालात, पंपाचे पॉइंट चिकटलेत, मागच्या उजव्या चाकाच्या पुढं खालच्या अंगाला पंप आहे, हळूच ठोक. मी बर्फाळ डांबरावर आडवी झाले आणि पान्ह्याच्या दांड्यानं दोनदा ठोकलं. टिक, टिक, टिकटिकटिक. फोन चालूच होता, तुम्ही तिकडून म्हणालात, "आलं. जा आता कामावर." पुढच्या रविवारी ते पॉइंट माझ्याच हातून साफ करून घेतलेत.

2020 चा तो कोविडचा उन्हाळा मी कधीच विसरणार नाही. तुम्हाला घराबाहेर पडायची बंदी, आणि मी रोज पेशंटच्या औषधांत. इंजिनातले टॅपेट वाजायला लागले होते, व्हॉल्व्हच्या फटी जुळवायच्या होत्या. मी गाडी तुमच्या दारात लावली, तुम्ही दिवाणखान्याच्या खिडकीत काचेमागे उभे. प्लग काढून, चौथा गिअर टाकून मी गाडी इंच इंच ढकलत होते. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिला जुळवायचा, सहावा दाबला की तिसरा, बेरीज नेहमी नऊ. मी काचेतून आठ बोटं दाखवायची, तुम्ही एक. मी सहा, तुम्ही तीन. काकू तुमच्या मागून बघत होत्या. शेवटी इंजिन चालू केल्यावर तुम्ही काचेला कान लावलात आणि अंगठा वर केलात. घरी जाताना रस्ते रिकामे होते आणि गाडी इतकी गोड चालत होती की मला भरून आलं. त्या महिन्यांत मला रोज कामावर जायचं बळ ज्या गोष्टींनी दिलं त्यात ती नऊची बेरीज आहे, हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

मग बाबांना एकट्यानं राहणं जमेना आणि परत कोल्हापूरला यायचं ठरलं. गाडी विकायची हे तुम्हाला सांगायला मला आठ दिवस लागले. एका व्यापाऱ्यानं साडेआठ हजार देऊ केले, आणि जाहिरातीत दोष लिहू नका म्हणाला. मी तुमच्याकडे आले. तुम्ही किमतीबद्दल काहीच बोलला नाहीत, फळीवरून तो बिस्किटांचा डबा काढून माझ्यासमोर ठेवलात. त्यात सिलचे सगळे तुकडे होते, प्रत्येकावर खडूनं तारीख. "हे दाखव. जो हे बघून घील, त्यालाच दे."

जाहिरातीत मी सगळं लिहिलं. गार असताना दुसरा गिअर खरखरतो. ओव्हरड्राइव्ह उशिरा लागतो. डाव्या मागच्या चाकाच्या कमानीला गंजाचे बारीक फोड येऊ लागलेत. तिघे येऊन गेले, डबा बघून त्यांचे चेहरे उतरले. चौथा लेमिंग्टनचा एक तरुण सुतार. त्यानं गाडीआधी डबाच हातात घेतला, एकेक तुकडा उलटसुलट करून पाहिला, मग गाडीखाली सरकला तो पंधरा मिनिटांनी बाहेर आला. सात हजार दोनशेला सौदा झाला. झालेला खर्च धरला तर मला तोटाच आहे, पण त्या रात्री मला शांत झोप लागली. पाच वर्षांपूर्वी माझ्याशी जे झालं ते मी दुसऱ्या कुणाशी केलं नाही. ते मला एकटीला जमलं नसतं, काका. साडेआठ हजारांचा आकडा समोर असताना तर नाहीच.

इथं आल्यावर उद्यमनगरात गेले होते. तुम्ही 1968 ला सोडलंत तेव्हाचं आता फारसं काही उरलेलं नाही. पण एका गाळ्यात बारा-तेरा वर्षांचा पोरगा शाळा सुटल्यावर आजोबांच्या लेथपाशी उभा होता आणि म्हातारा त्याला काही न सांगता नुसतं आवाज ऐकायला लावत होता. मी बराच वेळ तिथं थांबले.

एक विनंती आहे. त्या सुताराला तुमचा नंबर मी तुम्हाला विचारून दिला होता. काल त्याचा निरोप आला, तीन हजार मैलांचं ग्रीस आता जवळ आलंय, आणि ग्रीसगन त्यानं कधी हातात धरलेली नाही. तो या रविवारी दहा वाजता येईल. त्याला मराठी येत नाही, तरी त्याच्याशी तसंच बोला, त्याला कळेल. डबा त्याच्याकडेच आहे, गाडीत ठेवलाय त्यानं. आणि काकूंना म्हणावं, चहात साखर कमी, त्याला इतकी सवय नसते.

काकूंना साष्टांग नमस्कार. डोळ्यांत औषध वेळेवर घाला.

तुमची,
कोल्हापूरची पोर