हळदीच्या रात्री गाडीची किल्ली यजमानांनी मागून घ्यावी

संपादक महोदय,

तुळशीचे लग्न लागले की आमच्या अलिबाग-पेण भागात लग्नसराईची धामधूम सुरू होते, ती थेट पावसाच्या तोंडापर्यंत चालते. या काळात हळदीच्या रात्री आणि लग्नाच्या दिवशी सकाळी मद्यपी चालकांमुळे होणाऱ्या अपघातांकडे आपल्या वृत्तपत्रातून गावोगावच्या जाणत्या मंडळींचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. मद्यपान करून वाहन चालवणाऱ्यांविरुद्धची मोहीम म्हटली की ३१ डिसेंबरची रात्र, महामार्गावरील नाकाबंदी आणि पोलिसांच्या हातातील श्वास तपासणी यंत्र एवढेच आपल्याला आठवते. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २००७ पासून ही तपासणी नेटाने राबवली आणि तिचा धाक महानगरात निश्चितच बसला. परंतु पोयनाड, रामराज, चौल अशा गावांच्या आतल्या रस्त्यांवर रात्री दोन वाजता नाकाबंदी नसते आणि प्रत्येक हळदीच्या मांडवाबाहेर शिपाई उभा करणे कोणत्याही पोलीस ठाण्याला शक्य नाही. तेथे जे करायचे ते गावालाच करावे लागेल.

आमच्या आगरी-कोळी समाजात हळद हा लग्नाइतकाच, किंबहुना लग्नाहूनही मोठा सोहळा असतो. संध्याकाळी धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी गाते, नवरदेवाला हळद लागते, जेवणावळी उठतात आणि मग डीजे सुरू होतो. मांडवामागच्या शेतात, पाण्याच्या टँकरच्या आडोशाला बाटल्या उघडल्या जातात, हे आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. मध्यरात्र उलटली की पाहुणे परतू लागतात. एका दुचाकीवर तिघे, हेल्मेट आरशाला अडकवलेले, रस्त्यावर दिवा नाही आणि पुढे मागचा दिवा न लावता कडेला उभा केलेला डंपर, असे चित्र मी अनेकदा पाहिले आहे. कार्लेखिंडीच्या वळणांवर किंवा वडखळकडे जाणाऱ्या अवजड ट्रेलरच्या गर्दीत शुद्धीवर असलेल्या माणसालाही गाडी सांभाळावी लागते. पाय लटपटत असलेल्याने तेथे गाडी घालणे म्हणजे स्वतःचा आणि समोरून येणाऱ्याचा जीव पणाला लावणे होय.

याहूनही गंभीर गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी घडते आणि तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्यासाठी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आता शरीराचा हिशेब पाहा. रक्तातील मद्य तासाला साधारणपणे १५ मिलिग्रॅम या गतीनेच उतरते. थंड पाण्याची अंघोळ, लिंबूसरबत किंवा काळी कॉफी यांनी ती गती वाढत नाही. म्हणजे रात्री दोन वाजता ज्याच्या रक्तात १५० मिलिग्रॅम मद्य होते, त्याच्या रक्तात सकाळी आठ वाजता ६० मिलिग्रॅम, अर्थात कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट मद्य शिल्लक असते. नेमक्या त्याच वेळी रात्रभर नाचलेला, दोन-तीन तासही न झोपलेला टेम्पोचालक बायकामुलांसह सारे वऱ्हाड घेऊन मुहूर्त गाठण्यासाठी निघालेला असतो. त्याला रात्री आग्रह करून पाजणारे आपणच, आणि सकाळी ‘लवकर हाण, मुहूर्त चुकेल’ म्हणून घाई करणारेही आपणच असतो.

रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतील काही गावांनी हळदीत दारू ठेवायची नाही, असे ठराव केले आहेत. त्यांचे मी मनापासून स्वागत करतो. गावाच्या निर्धारापुढे दारूचे दुकानही टिकत नाही, हे उभ्या आणि आडव्या बाटलीच्या मतदानातून महाराष्ट्रातील स्त्रियांनी अनेक ठिकाणी सिद्ध केले आहे. तरीही अनुभवाने एक गोष्ट सांगावीशी वाटते. मांडवात बंदी झाली की पिणारी मंडळी गाड्या काढून महामार्गावरच्या बारकडे किंवा ढाब्याकडे जातात आणि तेथून रात्री पुन्हा मांडवात येतात. रस्त्याचा विचार केला तर हे अधिक घातक आहे. म्हणून बंदीच्या ठरावाला गाडीच्या किल्लीविषयीच्या ठरावाची जोड द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. यजमानांच्या घरातील एका जबाबदार, न पिणाऱ्या माणसाने मांडवाच्या दाराशी बसावे, दूरच्या गावच्या पाहुण्यांच्या किल्ल्या मागून घ्याव्यात आणि प्यायलेल्या माणसाला, तो कितीही जवळचा सोयरा असला तरी, सकाळपर्यंत किल्ली देऊ नये. पाहुण्यांना पोहोचवण्यासाठी गावातल्याच दोन-तीन मिनिडोर रिक्षा रात्रभरासाठी ठरवून ठेवाव्यात. डीजे, मांडव आणि जेवणावळींवर होणाऱ्या खर्चापुढे हे भाडे अगदीच किरकोळ आहे. वऱ्हाडाच्या गाडीचा चालक मात्र हळदीला बोलावूच नये. त्याला त्या रात्री झोपू द्यावे आणि सकाळी निघताना घरातल्या वडीलधाऱ्याने त्याच्याशी बोलून, त्याच्याकडे नीट पाहून मगच वऱ्हाड गाडीत बसवावे. हे काम स्त्रिया अधिक खंबीरपणे करतील असा माझा विश्वास आहे, कारण घरी न परतलेल्या माणसाची वाट रात्रभर त्यांनीच पाहिलेली असते.

समाज म्हणून आपली आणखी एक सवय सोडावी लागेल. कुणी तपासणीत सापडला की ‘आपलाच पोरगा आहे, सोडून द्या’ असा दूरध्वनी पोलीस ठाण्यात जातो. पुण्यात कल्याणीनगर येथे मे २०२४ मध्ये एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप झाले, तेव्हा आपण सारे संतापलो आणि तो संताप रास्तच होता. मग आपल्या भाच्यासाठी किंवा पुतण्यासाठी केलेल्या त्या दूरध्वनीला काय म्हणायचे? सरपंच, पोलीस पाटील आणि तंटामुक्त समितीचे अध्यक्ष यांनी असा शब्द आपण कोणासाठीही टाकणार नाही, हे ग्रामसभेत उघडपणे सांगावे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, हेही त्याच सभेत वाचून दाखवावे.

किनाऱ्यावरील कॉटेज आणि हॉटेलमालकांनाही यात घेतले पाहिजे. शनिवार-रविवारी नागाव, वरसोली, काशीद येथे येणारे पर्यटक आमच्याच अरुंद रस्त्यांवरून परततात. पिऊन निघालेल्या पाहुण्याला रोखणे, त्याच्यासाठी स्थानिक चालक मिळवून देणे हे मालकांना सहज शक्य आहे आणि त्यातून गावातल्या तरुणांना चार पैसेही मिळतील.

एवढे करूनही अपघात होतील, तेव्हा तातडीची मदत गावातूनच मिळायला हवी. महामार्ग पोलिसांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या मृत्युंजय दूत योजनेत महामार्गालगतच्या ग्रामस्थांना आणि ढाब्यावरील कर्मचाऱ्यांना जखमींना मदत करण्याचे प्रशिक्षण दिले गेले. तसेच प्रशिक्षण आतल्या रस्त्यांवरच्या गावांनाही मिळावे. मदत करणाऱ्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि सद्भावनेने केलेल्या मदतीबद्दल त्याच्यावर दावा चालत नाही, हे संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ मध्ये आणि त्याखालील नियमांत स्पष्टपणे दिलेले आहे. तरीही ‘पोलिसांचे लचांड नको’ म्हणून जखमीभोवती नुसती गर्दी उभी राहते आणि १०८ क्रमांकाला फोन करायला उशीर होतो.

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांतील पंधरा हजारांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातील होती. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत हाताशी काही आठवडे असतात. त्या ग्रामसभेत किल्लीचा, वऱ्हाडाच्या चालकाचा आणि शिफारस न करण्याचा असे तिन्ही विषय प्रत्येक ग्रामपंचायतीने घ्यावेत, त्यांची प्रत लग्नघरी पोहोचवावी आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने लग्नतिथींच्या आदल्या रात्री आतल्या रस्त्यांवरही श्वास तपासणीची व्यवस्था करावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
पोयनाड, ता. अलिबाग, जि. रायगड