वाक्याला दोष देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

स. न. वि. वि. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या ओतकामाच्या शेडमधला जुना फलक परवा उतरवला. तुम्ही तपासलेला नवा मराठी आणि कन्नड मजकूर आता भट्टीसमोर आहे. आभार तोंडी मानले असते, पण ते चारचौघांसमोर मानावेत असं वाटलं.

जुना मजकूर असा होता: ‘वितळलेला धातू ओतण्यापूर्वी लॅडल पूर्वतापित केली जाण्याची दक्षता घेण्यात यावी.’ व्याकरण चोख. मात्र हे वाचून काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं. तिचं अस्तर संध्याकाळी लिंपलं की सकाळी वरून कोरडं दिसतं, आत ओल तशीच असते. त्यात तेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड पडलं की पाण्याची वाफ दीड हजार पटींहून जास्त फुगते आणि लोखंड अंगावर उडतं. हे थर्मोडायनॅमिक्स कॉलेजात शिकवतात. ते हेल्परपर्यंत पोचवणारं वाक्य मात्र शिकवत नाहीत. तिथं भाषेचा तास म्हणजे प्रॅक्टिकल लांबलं की कापायचा तास, आणि अहवाल-लेखन म्हणजे समास किती सोडायचा एवढंच.

तुम्ही तो कागद इंजिनिअरला दिला नाहीत. भट्टीवरच्या हेल्परला दिलात, ‘तुम्ही वाचा बघू’ म्हणालात आणि पेन्सिल घेऊन उभ्या राहिलात. तो जिथं अडखळला तिथं त्याला एका शब्दानं टोकलं नाहीत, वाक्याखाली रेघ मारलीत. समासात तीनच प्रश्न: ‘कोण? किती वेळ? कशावरून कळलं?’ दुरुस्त वाक्य दिलं नाहीत, ते आम्हाला लिहायला लावलंत. त्या रेघेचे आभार मानायला हे पत्र. अडखळणारा माणूस अडाणी नसतो, लिहिणारा आळशी असतो, हे इतक्या सभ्यपणे कुणी दाखवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट तर भाषेवाल्यालाच दिसावी. मराठीत नकार शेवटी येतो, कन्नडातही ‘हाकबारदु’मधला ‘बारदु’ शेवटीच. भट्टीच्या आवाजात शेवटचं अक्षर गिळलं गेलं की ‘ओतू नये’चं ‘ओतू’ उरतं. म्हणून आता अट आधी: ‘लॅडल ओली? थांब.’ मग कर्ता, मग खूण: ‘लिंपलेली लॅडल लॅडलमन बर्नरवर तापवेल, आतलं अस्तर लालबुंद होईपर्यंत.’ एका ओळीत एकच काम. खाली सुपरवायझरची सही.

‘कशावरून कळलं?’ हा प्रश्न तर मोठमोठ्यांकडूनही सुटतो. १९८६ च्या २७ जानेवारीच्या रात्री चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाच्या उड्डाणाआधीच्या चर्चेत ओ-रिंगला (रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्याला) इजा झालेली आधीची उड्डाणंच तापमानाशी ताडून पाहिली गेली, धड राहिलेली बाजूला पडली. सगळी मांडली असती तर १८ अंशांखालच्या चारही उड्डाणांत इजा झाल्याचं दिसलं असतं. दुसऱ्या दिवशी उड्डाणावेळी तापमान २ अंशांच्या आसपास होतं. सात माणसं गेली. गणित कुणाला येत नव्हतं असं नाही. काय वगळलं हे विचारायची सवय तर्कशास्त्राच्या वर्गात लागते, आणि तो वर्ग आपल्याकडे ‘आर्ट्सवाल्यांचा’.

गावात १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, १९९८ पासून तंत्रशास्त्र विद्यापीठही आहे. एकीकडचा माणूस दुसरीकडे फिरकत नाही. तुम्ही फिरकलात, तेही उन्हाळ्यात भट्टीजवळ!

मानधनाचं पाकीट परत पाठवलंत, त्यावर बोलत नाही. पण काम संपलेलं नाही हं. हिंदी फलक व्हायचा आहे. ‘ओली’साठी ‘गीली’ लिहायचं की ‘नमी’ धरून वाक्य करायचं, यावर उत्तरेकडच्या पोरांत दोन तट पडलेत. ‘गीली’ म्हटलं की वरून ओली एवढंच समजतात, आणि आपली ओल तर अस्तरात. पेन्सिल घेऊन कधी येता?

आपले,
ओतकामवाले, उद्यमबाग, बेळगाव