बी-२०३ मध्ये वॉशिंग मशीनची जोडणी करण्यास परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
विजापूर रोड, सोलापूर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बी-२०३ मध्ये तीन वर्षांपासून भाड्याने राहते. या फ्लॅटमध्ये मशीनसाठी ना नळ आहे, ना पाणी जायला वाट, ना प्लग. घरमालकांची हरकत नाही. खर्च आम्ही निम्मा-निम्मा करू. पण पाइप डक्टमधल्या (सगळ्या मजल्यांचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतल्या) सामाईक लाइनला जोडायचा असल्याने आपली परवानगी हवी.

आजवर मी मशीन बाथरूमच्या दाराशी ओढून आणायचे आणि हॉलमधून एक्स्टेंशन बोर्ड घ्यायचे. गेल्या महिन्यात ओल्या फरशीवर उभं राहून झाकणाला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. आठ वर्षांची मुलगी शेजारीच उभी होती. इलेक्ट्रिशियनने पाहिलं, तर एक्स्टेंशनच्या वायरीत अर्थिंगच नव्हतं. तेव्हापासून मशीन बंद आहे. भिजलेल्या सोलापुरी चादरीचं वजन आपल्या गावात कुणाला सांगायला नको. एक टोक सासूबाई धरतात, दुसरं मी, तेव्हा कुठे ती पिळली जाते. त्यांचं मनगट आधीच दुखतं.

गॅलरीत मशीन ठेवून तिथल्या पाइपात पाणी सोडा, असं काहींनी सुचवलं. कृपया तशी परवानगी कुणालाच देऊ नका. तो पाइप पावसाच्या पाण्याचा आहे आणि बोअरजवळच्या शोषखड्ड्यात जातो. साबणाचं पाणी तिथे मुरलं, तर तेच बोअरमधून आपल्या टाकीत येईल.

त्याऐवजी डक्टमधल्या मोरीच्या लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) काढून दीड इंची पाइप घ्यावा. खाली ट्रॅप, म्हणजे पाणी साठून राहणारा वाकडा तुकडा हवा, म्हणजे वास आणि झुरळं येणार नाहीत. पाइपचं तोंड फरशीपासून अडीच फूट वर ठेवावं लागतं. खाली ठेवलं तर मशीन भरत असतानाच पाणी ओढलं जातं. सोळा अँपिअरचा प्लग, वेगळी अर्थिंगची वायर आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) मी बसवून घेईन.

मशीनमुळे टाकी लवकर संपेल, ही काळजी कुणालाही वाटेल आणि ती रास्त आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येतं? म्हणून मी एकदा बाहेर पडणारं पाणी धरून मोजलं. तेवढेच कपडे हाताने धुवायला नऊ बादल्या लागतात, मशीनला सात लागल्या. शेवटच्या खळबळण्याचं पाणी मी जिना धुवायला देईन.

१०३ आणि ३०३ मध्येही भाडेकरूच आहेत आणि डक्ट एकच आहे. त्यांनाही विचारावं, म्हणजे तोडफोड एकदाच होईल.

प्लंबर रविवारी सकाळी डक्ट पाहायला येणार आहे. त्या वेळी डक्टची चावी मिळावी आणि समितीपैकी कुणीतरी हजर राहावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
भाडेकरू, बी-२०३

सोबत : घरमालकांचं संमतिपत्र