चिनूच्या विमचं काय करायचं?

प्रिय मंद्या,

इकडे सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच.

चिनूचा फोन आल्यापासून डोकं त्याच्यातच अडकलंय. आपल्याला प्रोग्रॅमिंग जमणार नाही असं त्याच्या मनाने घेतलंय, आणि कारण काय, तर विम, तो फक्त कळांवर चालणारा कोड लिहायचा एडिटर! घरात कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून तुला लिहितोय. होस्टेलवर कुणीतरी त्याला आपली सहाशे ओळींची विमआरसी, म्हणजे विमची सेटिंगची फाइल, चढवून दिली. आता मूळ कळ कुठली आणि त्या मुलाने बदललेली कुठली, याचा पत्ताच नाही. कुठलंही पुस्तक उघडलं तरी त्यातलं त्याच्याकडे चालत नाही.

परवा सवयीने कंट्रोल-एस दाबलं आणि स्क्रीन गोठली. त्याच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या त्या खिडकीत, त्या कळांनी आउटपुट थांबतं, कंट्रोल-क्यूने सुटतं. त्याने विंडोच बंद केली. पुन्हा फाइल उघडल्यावर स्वॅप फाइलचा (सेव्ह न केलेलं विम जिथे जपून ठेवतो तिचा) इशारा आला, तर घाबरून डिलीट! सेव्ह न केलेलं सगळं गेलं. तिथे आर दाबून रिकव्हर करायचं, मजकूर तपासून सेव्ह करायचा, मगच स्वॅप फाइल काढायची. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं रे.

तू इमॅक्सवाला, म्हणजे दुसऱ्याच एडिटरचा, पण तो तुझंच ऐकतो. त्याला सांग, ती विमआरसी नाव बदलून बाजूला ठेव. टर्मिनलमध्ये विमट्यूटर हा विमसोबतच येणारा धडा चालव, अर्ध्या तासाचं काम आहे. विम उघडतो तो नॉर्मल मोडमध्ये, तिथे कळा अक्षरं उमटवत नाहीत, हुकूम देतात. हा मोड आधी का, हे एकदा समजलं की भीती जाते: आपण नवं लिहितो थोडं, लिहिलेलं बदलतो जास्त. डी म्हणजे काढ, सी म्हणजे बदल, डब्ल्यू म्हणजे शब्द. डी-डब्ल्यूने शब्द गेला. सी, आय आणि अवतरणचिन्ह दाबलं की अवतरणातलं सगळं पुसून तिथेच लिहायला मिळतं. यूने मागे, कंट्रोल-आरने पुढे, टिंबाने शेवटचा बदल पुन्हा. काही भलतंच व्हायला लागलं तर आधी कॅप्स लॉक बघायचा, कारण छोटा जे कर्सर खाली नेतो, मोठा जे ओळी जोडतो.

(कर्सर हलवायच्या एच-जे-के-एल या कळांवरचं आपलं भांडण मी सोडलेलं नाही. बिल जॉयने ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर व्हीआय, म्हणजे विमचा पूर्वज, लिहिला, त्याच्या त्याच कळांवर बाण छापलेले होते, आणि एस्केप आजच्या टॅबच्या जागी होता. छळायला नव्हतं ते!)

नव्या विमआरसीत चारच ओळी पुरेत: नंबर (ओळींचे क्रमांक), एक्स्पँडटॅब (टॅबऐवजी स्पेस), शिफ्टविड्थ ४ (ओळ चार स्पेस आत) आणि फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन (फाइलच्या प्रकाराप्रमाणे सेटिंग). पायथॉनमध्ये ओळींच्या सुरुवातीला टॅब आणि स्पेस मिसळले की टॅबएरर येऊ शकतो, म्हणून एक्स्पँडटॅब. मेकफाइलला (प्रोग्रॅम कसा बांधायचा हे ‘मेक’ला सांगणाऱ्या फाइलला) मात्र खरा टॅबच लागतो, नाहीतर ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून मेक थांबतो. फाइलटाइपची ओळ असली की विम तिथे आपणहून खरा टॅब ठेवतो. पाचवी ओळ तिचा अर्थ कळल्यावरच घालायची. बाहेरून जोडायची प्लगइन तर या सेमिस्टरला नकोतच.

आणि सबमिशन तोंडावर आहे, तर ते व्हीएस कोड या सोप्या एडिटरमध्येच करू दे. त्यात कमीपणा काही नाही, हे तुझ्या तोंडून ऐकलं तरच त्याला पटेल.

मीनलच्या बदलीचं झालं का? नव्या जागेत पाणी दोन्ही वेळ येतं ना? सविस्तर लिही. पण आधी त्याला फोन कर, रात्री नऊनंतर. त्याआधी तो लॅबमध्ये असतो.

तुझा,
अव्या