गॅदरिंगच्या बातमीत डान्स बसवणाऱ्याचं नाव पण टाका

संपादक साहेब, नमस्कार,

सध्या आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या शाळांच्या गॅदरिंगच्या बातम्या रोज पेपरात येताय. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, सगळ्यांची नावं असतात, पण ज्याने महिनाभर पोरांकडून डान्स बसवून घेतला त्या कोरिओग्राफरचं नाव कुठेच नसतं. हे मला अजिबात पटत नाही.

माझी मुलगी हिप-हॉप शिकते, म्हणून मी तिच्या डान्सच्या सरांची प्रॅक्टिस जवळून बघतो. आधी फरशीवर खडूने खुणा करतात, कोण कुठून कुठे सरकेल त्याच्या, मग गाणं न लावता नुसतं गुडघ्यात बाउन्स करायला लावतात. एक पोरगा सारखा बीटच्या पुढे पळत होता तर सर म्हणे "थांब भो, आधी ऐक", आणि बाकीच्यांना बसवून त्याच्याकडून टाळीवर तेवढंच करून घेतलं, जमेपर्यंत. याला मेहनत नाही तर काय म्हणायचं?

आणि कमाई कशी, तर हिवाळ्यात गॅदरिंग, उन्हाळ्यात लग्नाचे संगीत, पावसाळ्यात फक्त क्लासची फी. त्यात एका शाळेने गॅदरिंग होऊन महिने झाले तरी पैसे दिले नाही, लिहून काहीच घेतलेलं नव्हतं मग भांडणार कशावर.

लोक म्हणतात हिप-हॉप म्हणजे टीव्हीवरचं फॅड आहे. अहो, 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधे कूल हर्क नावाच्या डीजेने गाण्यातला ब्रेक, म्हणजे गाणं थांबून नुसता ताल वाजतो तो तुकडा, लांबवून वाजवला तिथून हे सुरू झालं, त्यातला ब्रेकिंग हा डान्सचा प्रकार 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमधे खेळला गेला. आणि आपल्याच राज्यातल्या वसई-नालासोपाऱ्याकडच्या पोरांचा द किंग्ज ग्रुप 2019 ला अमेरिकेत वर्ल्ड ऑफ डान्स ही स्पर्धा जिंकला, तेव्हा त्यांचे कोरिओग्राफर सुरेश मुकुंद यांचं नाव सगळीकडे छापून आलं ना? मग आपल्या गावातल्याचं का नाही?

शाळांनी पत्रिकेत नाव छापावं आणि मानधन आधीच लिहून द्यावं. तुमच्या वार्ताहरांनाही सांगा, स्टेजमागे जाऊन डान्स कोणी बसवला ते विचारून घ्या आणि बातमीत एक ओळ टाका. ते कात्रण दाखवून दुसऱ्या शाळेत जाता येतं, पुढच्या सीझनचं काम मिळतं.

– एक पालक, जळगाव