पेशंटचा गाऊन मागूनच उघडा कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. कुठल्या हॉस्पिटलात ते लिहीत नाही, कारण डॉक्टर, सिस्टर सगळे चांगले होते आणि गाऊनची कथा बहुतेक सगळीकडे तीच. दुसऱ्या दिवशी तिला चालायला सांगितलं. ७२ वर्षांची बाई, घरात कोणी आलं तरी आधी पदर सारखा करणारी, आणि इथे एका हातात सलाइनचा स्टँड, दुसऱ्या हाताच्या मुठीत गाऊनच्या मागच्या दोन कडा, अशी भिंतीला पाठ घासत बाथरूमपर्यंत चालली होती. बांधायचे बंद तीन, त्यातला मधला तुटलेला, खालचा होता पण पोटात टाके असताना मागे हात नेऊन तो बांधणार कसा? दर दोन पावलांनी मला विचारायची, "मागून दिसतंय काय गो?" शेवटी उठायला लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायला लागली. संध्याकाळच्या ड्युटीच्या सिस्टरने मग दुसरा गाऊन कोटासारखा उलटा वरून घातला, आणि आई पहिल्यांदा दोन्ही हात मोकळे सोडून वऱ्हांड्यात फिरली. पण सकाळी मावशी आल्या आणि घेऊन गेल्या, एका पेशंटला एकच, लाँड्रीत हिशोब द्यावा लागतो म्हणाल्या.

मागून उघडा ठेवण्याला कारण आहे हे कळतं हो. झोपून असलेल्याला न उठवता कपडा बदलता येतो, बेडपॅन देता येतं, कण्यात इंजेक्शन द्यायचं तर पाठ मोकळी लागते. धातूची चेन किंवा बटणं एमआरआयला चालत नाहीत, वेलक्रोत धागे अडकून तो लवकर निकामी होतो, म्हणून बंदच बरे. पण ते पाठीमागेच हवेत असं कोणी सांगितलं? आपली जुनी बाराबंदी आठवा, एक बाजू दुसरीवर ओढायची आणि गाठ मारायची, आपली आपण. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकने डायन फॉन फर्स्टनबर्ग या फॅशन डिझायनरकडून असाच अंगाभोवती गुंडाळायचा गाऊन करून घेतला होता. आपल्याला एवढा मोठा डिझायनर नको, म्हापशातला कुठलाही टेलर कापड थोडं रुंद घेऊन शिवून देईल. गंमत बघा, घरात बायका ज्याला गाऊन म्हणतात तो गळ्यापासून घोट्यापर्यंत सगळं झाकतो!

आणि ऑपरेशन होऊन गेलं, ड्रेसिंग वेळेवर होतंय, चालायला सांगितलंय, तर मग तोच गाऊन डिस्चार्जपर्यंत कशाला? इंग्लंडमध्ये 'एंड पीजे पॅरालिसिस' (पीजे म्हणजे पायजमा, झोपायचे कपडे) नावाची मोहीमच चालवली, पेशंटला स्वतःचे कपडे घालायला द्यायचे म्हणजे तो पलंग सोडून उठतो, हिंडतो फिरतो. आपल्या सरकारी आणि प्रायव्हेट दोन्ही हॉस्पिटलांनी एवढं तरी करावं, आणि नवे गाऊन येईपर्यंत चालत्या पेशंटला दुसरा गाऊन मागितला तर नाही म्हणू नये.

आई आता बरी आहे. परवा फॉलोअपला निघताना सोनोग्राफीला कपडे बदलावे लागतील काय हे तिने चारदा विचारलं, आणि मी बघितलं तर पिशवीत फाइलीच्या आधी घरचा गाऊन आणि पाच-सहा सेफ्टी पिना भरलेल्या.

– एक वाचक, डिचोली