सिकलसेल रुग्णांना तपासणीपुढचा आधार हवा

महोदय,

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारासाठीचे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले आणि आदिवासी भागांत रक्ततपासणीला वेग आला, हे स्वागतार्हच आहे. परंतु ज्या मुलाला हा आजार असल्याचे निश्चित होते, त्याला पुढे आयुष्यभर जे लागते त्याची व्यवस्थाही तितकीच भक्कम असायला हवी. असह्य वेदनांचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नियमित घ्यावे लागते आणि ते घेताना रक्तपेशींची मोजणीही वेळोवेळी करावी लागते. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या दुर्गम पाड्यावरील पालकांनी त्यासाठी दर वेळी मजुरी बुडवून दूरचे रुग्णालय गाठावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. औषध व तपासणी, दोन्ही प्राथमिक आरोग्य केंद्रातच अखंड मिळावीत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचा २१ दिव्यांगत्वांत समावेश केला. मात्र त्याच कायद्याच्या कलम ३४ मधील नोकरीतील ४ टक्के आरक्षणातून हे रक्तविकार वगळले गेले. अंगमेहनत न झेपणाऱ्या या तरुणांनाच बैठ्या नोकरीची खरी निकड आहे. संसदेने हे कलम दुरुस्त करावे आणि तोवर राज्य शासनाने, आजारपणात बुडालेल्या शालेय हजेरीबाबत सवलतीचे स्पष्ट आदेश काढावेत.

— एक शिक्षक, गडचिरोली